पीसीओएसचे वजन एकट्या मुलीने का उचलावे?

आपल्या विहारात उपवर्गीकरणावर दोन-दोन तास चर्चा होते. शिष्यवृत्ती, गायरान, ॲट्रॉसिटीच्या केसेस या विषयांवर कार्यकर्ते तळमळीने बोलतात आणि ते बोललेच पाहिजे. पण त्याच विहारात मागच्या सतरंजीवर बसलेल्या मुलींपैकी कुणाला तीन-तीन महिने पाळी येत नाही, कुणाच्या हनुवटीवर केस येत आहेत, कुणाचे वजन दोन वर्षांत बारा-पंधरा किलोंनी वाढले आहे. त्यावर चकार शब्द निघत नाही. तो 'बायकांचा विषय' म्हणून आईच्या पदराआड जातो आणि तिथून थेट खासगी दवाखान्यात.

या आजाराचे नाव पीसीओएस. आमच्या पिशोर-कन्नड भागात त्याला 'पीसीओडी' किंवा नुसतेच 'गाठी झाल्यात' म्हणतात. मुलगी सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन बाहेर येते तेव्हा तिच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी असते आणि कानात एकच वाक्य असते, "वजन कमी करा." मी महिला आणि किशोरवयीन मुलींमध्ये काम करते आणि स्वतःही या आजारासोबत जगते. हे वाक्य मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकले आहे. ते कसे कमी करायचे, काय खाऊन, कुठे चालून, कुणाच्या सोबतीने, हे सांगणारे वाक्य मात्र एखादीलाच मिळालेले असते.

हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हे वजन ज्या कारणांनी वाढते त्यातली बरीच कारणे त्या मुलीच्या हातात नाहीत, आणि ते उतरवायची जबाबदारी मात्र तिच्या एकटीच्या माथी मारली जाते. जातीच्या बाबतीत आपण हा न्याय कधी मान्य केला नाही. 'तू गरीब आहेस कारण तू आळशी आहेस' असे कोणी म्हटले की आपण त्याच्याकडे व्यवस्थेचा हिशेब मागतो. मग 'तू जाड आहेस कारण तू जास्त खातेस' हे आपण निमूटपणे का ऐकून घेतो? आणि अनेकदा ते आपणच का म्हणतो?

आधी आजार समजून घेऊ

सोनोग्राफीत दिसणाऱ्या 'गाठी' म्हणजे कॅन्सरच्या गाठी नव्हेत. अंडाशयात दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडायला हवे. या आजारात अनेक बीजे अर्धवट वाढून तिथेच थांबतात आणि पडद्यावर ती छोट्या फोडांसारखी दिसतात. त्या 'काढून टाकायच्या' नसतात.

निदानासाठी जगभर २००३ चे रॉटरडॅम निकष वापरले जातात. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण जास्त असणे (नको तिथे केस, हट्टी मुरुम किंवा रक्ततपासणी) आणि सोनोग्राफीतले अंडाशयाचे चित्र, या तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. थायरॉइडसारखी दुसरी कारणे आधी तपासून बाजूला करायची असतात. पहिली पाळी आल्यानंतरची आठ वर्षे तरी सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलीचे अंडाशयही तसे दिसू शकते. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला केवळ सोनोग्राफीच्या कागदावरून 'तुला पीसीओडी आहे, पुढे मूल होणार नाही' असे सांगणे दोन्ही अर्थांनी चूक आहे. या आजारात मूल होते. काहींना औषधाची मदत लागते, इतकेच.

आता वजनाकडे येऊ. रक्तातली साखर पेशींपर्यंत पोहोचवण्याचे काम इन्सुलिन करते. पीसीओएस असलेल्या बहुतेक जणींच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन तयार करते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला जास्त पुरुषी संप्रेरक बनवायला लावते आणि चरबी साठवून ठेवते, विशेषतः पोटावर. पोटावरची चरबी वाढली की पेशी आणखी बहिऱ्या होतात. वजनामुळे आजार वाढतो आणि आजारामुळे वजन वाढते. शेजारच्या मुलीइतकेच खाऊनही हिचे वजन चढते आणि उतरताना अडून बसते, त्यामागे हे चक्र आहे. हिची जीभ त्याला जबाबदार नाही.

'हा श्रीमंतांचा, शहरी मुलींचा आजार आहे' असे आपल्यातले जाणते लोकही म्हणतात. मुंबईतल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी तरुण मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला, अधिक कडक निकष लावल्यावर १०.७ टक्के. गावखेड्यात किती आहे? जिथे तपासणीच होत नाही तिथे आजार नाही असे म्हणणे म्हणजे तक्रार नोंदवली नाही म्हणून अत्याचार झाला नाही असे म्हणण्यासारखे आहे.

काळी मान

या आजाराची एक खूण अशी आहे की जिच्याबद्दल आपण आंबेडकरी लोकांनी तरी बोलायलाच हवे. इन्सुलिन वाढले की मानेवर, काखेत, कधी हाताच्या कोपरावर मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा उमटतो. डॉक्टरला तो लांबूनही ओळखता येतो. तो मळ नसतो आणि घासून जात नाही.

पण सवर्ण मुलीच्या मानेवर तो असला तर आई तिला त्वचेच्या डॉक्टरकडे नेते. आपल्या वस्तीतल्या मुलीच्या मानेवर असला तर वर्गात वाक्य येते, "अंघोळ करत नाहीस का गं? तुमच्याकडं पाणी नाही का?" पाणी या शब्दाचा आपल्या इतिहासात काय अर्थ आहे हे महाडच्या वारसांना सांगायला नको. अस्वच्छतेचा शिक्का हे जातीचे सर्वांत जुने हत्यार आहे. इथे तो शिक्का एका संप्रेरकाच्या लक्षणावर मारला जातो. वजरीने घासघासून मान सोलून घेतलेली मुलगी मी पाहिली आहे. तिला कुणीतरी एवढेच सांगायला हवे होते की बाई, हा मळ नाही, ही तुझ्या शरीराने दिलेली सूचना आहे, रक्तातली साखर तपासून घे.

आणि इतरांना बोल लावताना आपलेही घर तपासू. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांमधले बायोडाटा वाचा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला पदवीधर मुलगा 'गोरी, सडपातळ' मुलगी मागतो. पीसीओएस असलेल्या मुलीचे वजन, केस, मुरुम आणि पाळी या चारही गोष्टी लग्नाच्या बाजारात तोलल्या जातात. म्हणून आई आजार लपवते. लपवल्यामुळे उपचार थांबतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका असे सांगितले आणि पत्नी ही नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची असावी ही अपेक्षा मांडली. किलोवर तोलून आणलेली बायको बरोबरीची कशी होणार?

वजनात भुकेचा इतिहास आहे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान आणि किडकिडीत. पण तपासल्यावर दिसले की स्नायू कमी असले तरी अंगावरची चरबी त्या मानाने राखलेली आहे. बारीक दिसणारे पण आतून चरबी धरून ठेवणारे हे शरीर. २००४ मध्ये याज्ञिकांनी लॅन्सेट नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

याचा अर्थ नीट समजून घ्या. आईच्या पोटात पुरेसे अन्न मिळाले नाही की बाळाचे शरीर टंचाईसाठी तयार होते. पुढे त्याला टंचाईऐवजी पांढरा तांदूळ, साखर आणि बसून राहणे मिळाले की तेच शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. पीसीओएसची कारणे अनेक आहेत, त्यात आनुवंशिकताही आहे. पण इन्सुलिनची ही जमीन कुणी नांगरली, हा प्रश्न आपल्याला विचारता येतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या आपल्या आज्यांनी पोटुशा असताना खडी फोडली, मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाल्ली. त्याआधीच्या पिढ्यांनी उष्टे आणि शिळे खाल्ले. ही उपासमार निसर्गाने सगळ्यांना सारखी वाटली नव्हती, ती जातीने वाटली होती. आज नातीला "कमी खा" म्हणणाऱ्याने आजीला किती खायला मिळाले होते, हे आधी विचारावे.

आजही चित्र दुहेरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के स्त्रियांचे वजन गरजेपेक्षा कमी आणि सुमारे २३ टक्के स्त्रियांचे जास्त आढळले. रक्त मात्र निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात कमी. जाड दिसणारी बाई खाऊन-पिऊन सुखी असते हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. ती जाडही असते आणि कुपोषितही.

ताटात काय पडते, हे कोण ठरवते?

वजन उतरवायचे तर प्रथिने वाढवा, भात-पोळी-साखर कमी करा, असे आहारतज्ज्ञ सांगतात. बरोबर सांगतात. आता आपले ताट बघू.

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते, तांदूळ आणि गहू. अंत्योदय कार्डाला ३५ किलो. हे धान्य नसते तर अनेक घरांत चूल पेटली नसती, म्हणून त्याचे मोल मी कमी करत नाही. पण त्यात नियमित डाळ नाही. पोट भरायची हमी आहे, स्नायू बांधायची नाही. पिशोरच्या शिवारात मका, कापूस, अद्रक, ऊस पिकतो. त्यातले मजुराच्या ताटात थेट येणारे काय आहे? अद्रक खणणारी बाई संध्याकाळी घरी येऊन रेशनचा भात आणि पातळ कालवण खाते.

आपल्या आजीच्या ताटात स्वस्त प्रथिने होती. मोठ्याचे मटण, त्याच्या वाळवलेल्या चान्या, सुकट, बोंबील. २०१५ मध्ये राज्याच्या प्राणी संरक्षण कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि गाईसोबत बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे मांस कायद्याने चालते, पण विकणारा आणि घेणारा दोघेही आता भीत भीत व्यवहार करतात. कुणाच्या तरी धार्मिक भावनेची किंमत गरिबाच्या ताटातल्या प्रथिनांनी चुकवली. शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे आले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला आणि लोकसहभागातून द्या असे शाळांना सांगितले. ज्या वयात मुलीच्या अंगात स्नायू भरायचे त्या वयात तिच्या ताटातले अंडे काढायचे आणि विसाव्या वर्षी तिला म्हणायचे, प्रथिने का खात नाहीस?

या पोकळीत बाजार घुसतो. तालुक्याच्या गावात शेकच्या डब्यांचे क्लब निघाले आहेत. एका डब्याच्या पैशात घरातल्या सगळ्यांना महिनाभर डाळ आणि अंडी पुरतील. वरच्या थरात वजनाची इंजेक्शने आली आहेत. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा आठवड्याच्या सर्वांत लहान डोसची किंमत ३,५०० रुपये होती. २०२५-२६ चा रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये. एका आठवड्याच्या सुईसाठी अकरा दिवसांची मजुरी. ज्यांना परवडते त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावे, विज्ञानाशी आपले भांडण नाही. पण आपल्या मुलींच्या आरोग्याचे धोरण त्या सुईवर उभे राहू शकत नाही.

चालायला रस्ता कुणाचा?

"रोज पाऊण तास चाला." कुठे? सकाळी सहा वाजता ट्रॅक पँट घालून एकटी मुलगी गावाबाहेरच्या रस्त्याने निघाली की चार पारावरून चार प्रश्न येतात. वस्ती गावाच्या टोकाला, मैदान गावाच्या मालकीचे, जिममध्ये पोरांची गर्दी. आईला बदनामीची भीती आणि ती भीती खोटी नाही.

"आमची पोरगी शेतात राबते, तिला व्यायाम कशाला?" हा दुसरा मुद्दा. शेतमजुरीचे काम हंगामी असते. निंदणी, वेचणीच्या दिवसांत कंबर मोडते आणि उन्हाळ्यात महिनेच्या महिने काम नसते. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टाची गती मुकादम ठरवतो, त्यात विश्रांती आणि आहार यांचा हिशेब नसतो. शिवाय आपल्या शिकणाऱ्या मुलींची पहिली पिढी आता दिवसभर खुर्चीवर आहे. बारावी, नीट, एमपीएससी, पोलीस भरती. छत्रपती संभाजीनगरच्या कॉट बेसिसवर राहणारी मुलगी चहा-बिस्किटांवर रात्र काढते आणि मेसच्या भात-बटाट्यावर दिवस. जिने शिकावे म्हणून आपण झटलो, तिच्या शिक्षणाची किंमत तिचे शरीर मोजते आहे.

यावर तोडगा आपल्याकडेच आहे आणि त्याला पैसा लागत नाही. १४ एप्रिलच्या आधी महिनाभर आपल्या वस्त्यांमध्ये मुली लेझीम खेळतात. तासभर, घामाघूम होईपर्यंत, समूहात, आणि कुणी बोट दाखवत नाही, कारण ते भीमजयंतीचे काम असते. तीच लेझीम वर्षभर का चालू नये? २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगतात. वजन थोडे उतरवायचे असेल तर किमान २५० मिनिटे. विहाराच्या अंगणात आठवड्यातून पाच दिवस पन्नास मिनिटे लेझीम खेळली तर हा आकडा पुरा होतो. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जाणाऱ्या पैशाचा एक वाटा वजनकाटा, बीपीचे मशीन आणि मुलींच्या अंड्यांसाठी काढायला कुठल्या मंडळाची हरकत असावी?

पसेनदी राजाची गोष्ट

"पण शेवटी इच्छाशक्ती लागतेच ना?" असे विचारणाऱ्यांना संयुत्त निकायातली एक गोष्ट सांगते. कोसलचा राजा पसेनदी पाटीभर भात खाऊन, धापा टाकत भगवंतांपाशी आला. भगवंतांनी त्याला हिणवले नाही. प्रमाण ओळखून जेवणाऱ्याचे कसे भले होते, याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने जवळ उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. त्यासाठी त्याला रोज शंभर कहापण ठरवले. राजाचे जेवण टप्प्याटप्प्याने कमी झाले आणि अंग हलके झाले.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण संयमावर प्रवचन देतात. मला त्यात दुसरे काही दिसते. प्रत्यक्ष तथागतांचा उपदेश मिळालेल्या राजालाही एकदा ऐकून भागले नाही. त्याला रोज, प्रत्येक जेवणाला, आठवण देणारा सोबती लागला आणि त्यासाठी खजिन्यातून खर्च झाला. राजाला सोबत लागते आणि रेशनवर जगणाऱ्या मुलीने मात्र एका चिठ्ठीवर, एकटीने, घरच्यांचे टोमणे ऐकत वजन उतरवायचे, हा कुठला न्याय?

इन्सुलिनचा आजार लपवण्यासारखा नाही, हे तर आपल्याला बाबासाहेबांच्या आयुष्यातूनच कळायला हवे. त्यांना मधुमेह होता, इन्सुलिन घ्यावे लागत होते. त्यांच्या पथ्यपाण्याची आणि औषधांची काळजी डॉ. शारदा कबीर म्हणजेच माईसाहेब घेत होत्या. त्या आजारपणात त्यांनी घटनेचे काम पुरे केले, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला. आजार हा त्यांच्या कर्तृत्वावर डाग नव्हता. आपल्या मुलीच्या बाबतीत तो डाग कसा होतो?

मुलींनी काय करावे

व्यवस्था बदलेपर्यंत अंग थांबत नाही, म्हणून मैत्रिणींनो, आजच करता येण्यासारखे सांगते.

दहा किलोंचे स्वप्न बाजूला ठेवा. वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरले तरी पाळी, साखर आणि केस यांत फरक पडू शकतो. सत्तर किलो असाल तर साडेतीन किलो. शिंप्याची टेप घ्या. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर काट्यावर वजन ठीक दिसत असले तरी साखर तपासा. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्य तक्त्यातले २५ आणि ३० नव्हे. वजन नसतानाही पीसीओएस असतो, त्यामुळे बारीक मुलीनेही बेफिकीर राहू नये.

उपाशी राहू नका. या आजारासाठी कुठलाही एकच डाएट सर्वांत चांगला ठरलेला नाही. जो परवडतो आणि वर्षभर टिकतो तो चांगला. ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग डाळ, मटकी, हरभरा, अंडे, चिकन किंवा सुकट, आणि पाव भाग भाकरी किंवा भात. ज्वारीची भाकरी चांगली, पण ती जादू नाही. तीन भाकरी आणि ठेचा हे पूर्ण जेवण होत नाही. चहातली साखर, बिस्किटे आणि थंड पेयाच्या बाटल्या आधी तोडा, तिथे सर्वांत लवकर फरक दिसतो. आणि उपवासाच्या नावाखाली साबुदाणा खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा की तो जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. धम्म स्वीकारलेल्या घरात तसाही त्या उपवासाला आधार नाही.

तीन महिन्यांपेक्षा जास्त पाळी लांबली तर डॉक्टरकडे जाच. गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहणे पुढे धोक्याचे ठरू शकते. पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या किंवा मेटफॉर्मिन डॉक्टरांनी दिले तर घाबरू नका. मेटफॉर्मिन जुने, स्वस्त औषध आहे, मात्र मेडिकलवाल्याला विचारून स्वतःच सुरू करू नका. मन खचत असेल तर तेही डॉक्टरला सांगा. उदासी आणि चिंता या आजारात जास्त आढळतात आणि त्यांची तपासणी हा उपचाराचाच भाग आहे.

आणि कुणी 'पिशवीच काढून टाका' म्हटले तर आधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. गर्भपिशवी काढणे हा पीसीओएसचा उपचार नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढल्याचे समोर आले. कामात खाडा नको, म्हणून पाळीच नको. मराठवाड्यातल्या कष्टकरी बाईच्या शरीराकडे बघायची ही नजर अजून गेलेली नाही.

चळवळीने काय मागावे

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून कागदावर आहे. मग साखर आणि थायरॉइडच्या तपासणीसाठी पिशोरच्या मुलीने मजुरी बुडवून साठेक किलोमीटरवरच्या घाटीत का जावे? गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस मुलींसाठी ठेवा, या तपासण्या तिथे करा, मेटफॉर्मिनचा साठा ठेवा. रेशनवर दरमहा डाळ द्या. शाळेतले अंडे सरकारी पैशाने परत आणा. या चार मागण्यांचे निवेदन तहसीलदारांना द्यायला मोर्चाही लागत नाही. लागला तर तोही काढता येतो, ते आपल्याला शिकवायला नको.

सुरुवात मात्र विहारातून करू. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास मुलींना द्या. एखाद्या आशाताईंना किंवा नर्सला बोलवा. पुरुष कार्यकर्त्यांनीही बसून ऐकावे, कारण बहीण, बायको आणि लेक त्यांच्याही घरात आहे. त्या अर्ध्या तासात एखादी मुलगी उठून "मला तीन महिने पाळी आली नाही" असे सगळ्यांसमोर म्हणू शकली, तर समजा की विहार खऱ्या अर्थाने तिचेही झाले.

जय भीम! नमो बुद्धाय!